रात्रीचे ताट दहाऐवजी आठला

इंदोरा असो, इमामवाडा असो की रामबाग, आपल्या वस्त्यांमध्ये रात्रीचे जेवण आता अनेक घरी दहाला होते. यात आळस नाही, हे आम्ही जाणतो. ऑटो चालवणारा, दुकानात राबणारा, सिक्युरिटीची ड्युटी करणारा उशिराच घरी येतो. मे महिन्यात तर टिनाखालची खोली थोडी निवल्याशिवाय गॅस पेटवावासा वाटत नाही.

पण शरीराचे घड्याळ वेगळे चालते. रात्र वाढते तशी रक्तातील साखर आवरण्याची त्याची ताकद कमी होते. सातला खाल्लेला भात आणि दहाला खाल्लेला तेवढाच भात, यांत दहाचा भात साखर जास्त वाढवतो. जेवून लगेच आडवे झाले की आम्लपित्त घशाशी येते.

भगवान बुद्धांनी हे आपल्या अनुभवातून सांगितले आहे. मज्झिम निकायातील कीटागिरी सुत्तात ते भिक्खूंना म्हणतात, रात्रीचे भोजन सोडल्याने आजार कमी होतो, शरीर हलके राहते, बळ टिकते. अष्टशीलातील विकालभोजनाचे शील तेच शिकवते. आपण गृहस्थ रोज पंचशील पाळतो. रात्रीचे जेवण सोडायचे नाही, फक्त अलीकडे आणायचे आहे.

त्यासाठी काय करता येईल? भाजी-वरण संध्याकाळीच करून ठेवावे. मुले आणि म्हातारी माणसे यांना आठपर्यंत वाढावे. कामावरच्याने सात वाजता फुटाणे किंवा डब्यातली उरलेली पोळी खावी आणि घरी आल्यावर हलके जेवावे. जेवण व झोप यांत दोन-तीन तास ठेवावेत.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपोसथाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतते. दुसरी गोष्ट घरातल्या बाईची. सगळ्यांना वाढून ती अकराला उरलेले खाते आणि पहाटे नळ आला की पुन्हा उठते. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. आपल्या घरात ते माप ताटापासून लावू या. तिचे ताट सगळ्यांबरोबरच वाढले जावे.

येत्या पौर्णिमेला विहारातून वंदना करून आलो की सगळे एकत्र जेवायला बसू. सुरुवात त्या दिवसापासून करू.