प्लंबरला बोलावण्याआधी : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘बाथरूममध्ये लीकेज आहे, लवकर या.’ प्लंबरला केलेले बहुतेक फोन एवढ्यावरच संपतात. मग तो येतो, बघतो, सामान आणायला हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि काम उद्यावर पडतं. तेच ‘बेसिनखालचा अर्धा इंची अँगल कॉक मुठीपाशी गळतोय’ असं सांगितलं, तर तो सुटा भाग पिशवीत घालूनच घरी येतो. दुखणं नेमकं सांगता आलं की खेपाही वाचतात आणि पैसेही. त्यासाठी दहा-बारा शब्द आले तरी पुरे. मात्र काही पक्क्या समजुती आधी सोडाव्या लागतात.

गैरसमज १ : चांगला प्लंबर म्हणजे पालिकेचा परवाना असलेलाच.

वस्तुस्थिती : परवानाधारक प्लंबर लागतो तो पालिकेच्या कामासाठी, म्हणजे नवीन नळजोडणी किंवा जोडणीचा आकार वाढवणं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच त्याची तरतूद आहे. घरातला नळ बदलायला परवान्याची गरज नाही. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण पुष्कळ कारागीर उस्तादाच्या हाताखालीच तयार होतात. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातलं पट्टामुंडाई तर प्लंबरांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. तिथले कारागीर देशभरातल्या शहरांत कामाला आहेत.

माणूस निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्यासारख्या जुन्या किंवा नव्या इमारतीत काम केलंय का? मजुरी आणि सामान वेगवेगळं सांगणार का? काम झाल्यावर पुन्हा गळलं तर फुकट येणार का? सोसायटीत वर्षानुवर्षं येणारा प्लंबर शक्यतो सोडू नये. भिंतीत आणि डक्टमध्ये कोणता पाइप कुठून गेलाय, हे बऱ्याचदा त्यालाच ठाऊक असतं.

गैरसमज २ : नळ गळायला लागला की नळच बदलायचा.

वस्तुस्थिती : आधी तो कुठून गळतोय ते पाहा. तोंडातून थेंब पडत असेल तर बहुधा वायसर झिजलेला असतो. मुठीपाशी पाणी येत असेल तर दोष स्पिंडलच्या पॅकिंगचा. भिंतीलगत ओल असेल तर जॉइंट सैल झालाय. तो काढून टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवावा लागतो. पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकचा आतला भाग असतो आणि तोही बदलून मिळतो. नळाचे आटेच गेले असतील, तरच नवा घ्यावा.

नावंही लक्षात ठेवायला सोपी आहेत. भिंतीतून येतो तो बिब कॉक, बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक, बेसिन किंवा फ्लशच्या टाकीचं पाणी बंद करतो तो अँगल कॉक आणि टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी थांबवतो तो बॉल कॉक.

गैरसमज ३ : टाकी मोठी असली की प्रेशर वाढतं.

वस्तुस्थिती : प्रेशर टाकीच्या आकारावर नाही, उंचीवर ठरतं. नळापासून पाण्याची पातळी १० मीटर उंच असेल तर साधारण एक किलो प्रेशर मिळतं, टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० ची. म्हणूनच गच्चीवरच्या टाकीचं पाणी सगळ्यात वरच्या मजल्यावर मंद येतं आणि तळमजल्यावर जोरात.

एकाच नळाला धार नसेल तर त्याची जाळी काढून पाहा; बोअरच्या पाण्याचे क्षार तिथे साचतात. घरभर धार मंदावली असेल तर एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा टाकी रिकामी झाल्यावर पाइपमध्ये हवा अडकली आहे. पालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडणं मात्र बेकायदा आहे, आणि त्यात पाणी तुटतं शेजाऱ्यांचं.

गैरसमज ४ : छताला ओल आली म्हणजे वरच्यांचा पाइप फुटला.

वस्तुस्थिती : सोसायटीच्या बैठकीत सर्वाधिक आवाज चढतो तो याच विषयावर, आणि पुष्कळदा प्रकार असतो आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा. फरशा फोडण्याआधी पाणी तीनपैकी कुठून येतंय ते शोधा.

पुरवठ्याच्या पाइपात सतत दाब असतो. तो गळत असेल तर वरच्या घरात कुणी नसतानाही ओल वाढत राहते. वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवा. ठिबक थांबली तर चोर सापडला.

आंघोळीनंतरच ठिबकत असेल तर संशय सांडपाण्याच्या बाजूवर. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं तोंड बोळ्याने घट्ट बंद करा आणि फरशीवर दोन इंच रंगीत पाणी साठवून काही तास ठेवा. रंग खाली उतरला तर फरशीच्या सांध्यांचा किंवा वॉटरप्रूफिंगचा दोष. बोळा काढल्यावरच उतरला तर ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप.

ओल फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरच्या भिंतीची भेग किंवा गच्ची तपासा.

खर्च कुणाचा, तेही यावरूनच ठरतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची गळती त्या सदस्याने.

गैरसमज ५ : बाथरूममध्ये वास म्हणजे चोकअप, ॲसिड ओतलं की झालं.

वस्तुस्थिती : पाणी नीट वाहून जात असेल तर चोकअप नाही. नहाणी ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि तेच गटारातली हवा अडवतं. गावाहून पंधरा दिवसांनी परतल्यावर वास येतो, कारण ते पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं. बेसिन तुंबलं तर खालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडा. खाली बादली ठेवायला विसरू नका. ॲसिड आणि ब्लीच तर कधीही एकत्र ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गैरसमज ६ : गीझरचा व्हॉल्व्ह ठिबकतोय, बूच मारून टाका.

वस्तुस्थिती : हा सातातला सर्वांत धोकादायक गैरसमज. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरचा गीझर २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेला, तर पाणी साधारण पाव लिटरने वाढतं. पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर हे वाढीव पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडतं. तापताना पडणारे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह काम करत असल्याची खूण. बूच मारलं आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकी फुटू शकते. गीझर बंद असतानाही ठिबक चालूच असेल, तर व्हॉल्व्ह बदला, पण त्याचं तोंड बंद करू नका.

गैरसमज ७ : प्लॅस्टिकचे पाइप सगळे सारखेच.

वस्तुस्थिती : पांढरा यूपीव्हीसी गार पाण्यासाठी, फिकट पिवळसर सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी. गीझरच्या पुढे यूपीव्हीसी लावला तर तो मऊ पडून जॉइंट सुटतो. दोघांची चिकटवायची सोल्युशनंही वेगळी असतात. टेफ्लॉन टेप लागते ती आट्यांच्या जॉइंटला, चिकटवलेल्या जॉइंटला नव्हे. आणि सोल्युशन नीट सुकण्याआधी पाणी सोडायची घाई प्लंबरला करायला लावू नका.

वाचून झाल्यावर एक काम आजच करा. आपल्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि तो फिरतो का ते पाहा. दांडी आडवी केली की बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. चाक फिरवायचा जुना गेट व्हॉल्व्ह असेल आणि तो जाम झाला असेल, तर धसमुसळेपणा न करता पुढच्या वेळी प्लंबर येईल तेव्हा बदलून घ्या. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, तो दाखवून ठेवा. रात्री दोन वाजता पाइप सुटला, तर प्लंबर सकाळीच येणार. तोवर घर वाचवणार तो हा व्हॉल्व्हच.