ओढतंय कोण, ढकलतंय कोण?

क्लास सुटायला उशीर झालाय, बाइकवर मित्र डबलसीट, आणि अंधारात समोर अचानक उसाची भिंत! सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही हा सीन समजावून सांगावा लागणार नाही. मागच्या सीझनला जयसिंगपूरच्या अलीकडे माझ्यासोबत हेच झालं. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. मित्र ओरडला म्हणून ब्रेक दाबला गेला. बाइक थांबली तेव्हा ऊस हाताच्या अंतरावर होता.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली, की मार्चपर्यंत आपल्याकडचे रस्ते डबल ट्रॉलीचे. आणि त्या ट्रॅक्टरच्या सीटवरही बऱ्याचदा आपल्याच वयाचा, कधी आपल्याच वर्गातला कुणीतरी असतो. म्हणून हे दोघांसाठी : जो ओढतो त्याच्यासाठी, आणि जो मागून येतो त्याच्यासाठीही.

उतारावर डाव उलटतो

ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो, हे सपाट रस्त्यावर आणि चढाला खरं. उताराला ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते! ट्रॅक्टर जेमतेम दोन-अडीच टनांचा, मागचा भार त्याच्या कित्येक पट. त्यात बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. घाबरून कचकन ब्रेक मारला, की मागचं वजन पुढे रेटतं आणि चाकू मिटावा तसा ट्रॅक्टर हुकाजवळ दुमडतो. म्हणून उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नाही. इंजिनाची पकड सुटली, की सगळा भार ब्रेकवर. आणि बारावीचं फिजिक्स आठवा : वेग दुप्पट, तर थांबायला लागणारं अंतर चौपट.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात एका बाजूला झटकन वळायला. रस्त्यावर आल्यावर ते दोन्ही एकत्र लॉक करायचे. विसरलात, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो.

राहिला पुढची चाकं उचलून काढलेल्या रीलचा विषय. लाइक्स मिळतात, मान्य! पण स्टिअरिंग वळवतं ती पुढचीच चाकं. हुकावर जास्त भार आला, की ती हलकी होतात आणि ट्रॅक्टर तुमचं ऐकत नाही.

बाइकवर असाल तर

ताशी 60 किलोमीटरला बाइक सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 25 मीटर संपले. मळकी ट्रॉली त्याच्या आत दिसली, तर उपयोग काय? सीझनमध्ये रात्री वेग कमी, एवढा एकच नियम.

ओव्हरटेक करताना एक ट्रॉली संपली म्हणून आत घुसू नका, पुढे दुसरी असते. आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायची मजा शाळेतच सोडून द्यायची, भावांनो.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं

- हुकाची पिन पूर्ण बसलीय, तिला लॉक आहे, सोबत साखळीही आहे.
- ऊस एका बाजूला किंवा मागे झुकलेला नाही.
- मागे लाल, बाजूला पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या आहेत आणि त्यावरची धूळ पुसलीय.
- मडगार्डवर कुणीही बसलेलं नाही.
- डेकचा आवाज इतका आहे, की मागचा हॉर्न ऐकू येतो.
- बंद पडलीच, तर ट्रॉली कडेला. चाकाला लावलेले दगड निघताना उचलायचे, विसरायचे नाहीत. मागून येणाऱ्या बाइकला तेवढा एक दगडही पुरतो.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. एनएसएसवाल्यांनो, या वेळी घोषणांच्या पाट्या थोड्या कमी करूया आणि लाल पट्ट्यांचे रोल घेऊन कारखान्याच्या गेटवर जाऊया. तिथे ट्रॉल्यांची रांग लागलेलीच असते. एक पट्टी चिकटवायला एक मिनिट लागतं. त्या रात्री समोरच्या ट्रॉलीला तेवढी एक पट्टी असती, तर माझ्या मित्राला ओरडावं लागलं नसतं.