दोन नळकांडी आणि एक गुपचूप डबा

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की फारसं काही करता येत नाही. एफएमचं स्टेशन बदलायचं आणि पुढच्या गाडीची पाठ बघत बसायचं. या सक्तीच्या अभ्यासातून माझ्या एक लक्षात आलंय. हल्ली बऱ्याच गाड्यांना मागे दोन चकचकीत नळकांडी असतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. एकदम स्पोर्टी! पण जरा वाकून बघा. काहींमधून धूर येतच नाही. बंपरमध्ये बसवलेलं ते नुसतं क्रोमचं डेकोरेशन असतं आणि खरा पाइप मागे खाली तोंड करून लपलेला असतो.

माझ्या टीममधल्या एका मित्राला मात्र शोभेची नको, खरीखुरी दोन हवी होती. पहिलीवहिली गाडी, पाच वर्षांचा ईएमआय आणि हातात दिवाळीचा बोनस! नाना पेठेतल्या एका दुकानात त्याला अख्खं पॅकेज सांगितलं गेलं. ड्युअल एक्झॉस्ट, 'फ्री फ्लो' सायलेन्सर आणि वर, "कॅट काढून टाकू साहेब, पिकअप बघा कसा येतो!" कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अर्धा बोनस उडणार होता, म्हणून त्यानं मला विचारलं. मी मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेला (पुण्यात असे आम्ही पुष्कळ). मग जुनी पुस्तकं काढली, ओळखीच्या मेकॅनिककाकांच्या रॅम्पखाली जाऊन उभा राहिलो. तिथे जे कळलं, ते तुमच्याही खिशाच्या कामाचं आहे.

गर्दी पुलावर, जिने शेवटी

आपण ज्याला सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो, ती खरं तर एक रांग असते. इंजिनातून निघालेला धूर आधी मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो, मग कन्व्हर्टरमधून जातो, पुढे मफलरमध्ये त्याचा आवाज मरतो आणि शेवटी तो टेलपाइपमधून बाहेर पडतो.

दोन पाइपांना खरा अर्थ आहे तो व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिनात. तिथे सिलिंडर दोन ओळींत बसवलेले असतात. प्रत्येक ओळीचा धूर वेगळ्या बाजूनं निघतो, म्हणून प्रत्येकीला स्वतःचा पाइप, स्वतःचा कन्व्हर्टर. धूर झटपट बाहेर गेला की इंजिनाला तो ढकलायला कमी ताकद लागते आणि ती ताकद चाकांना मिळते. अमेरिकन व्ही-८ गाड्यांचा दोन पाइपांचा रुबाब इथूनच आला.

आपल्या हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींमध्ये मात्र तीन किंवा चार सिलिंडर एकाच ओळीत असतात. सगळा धूर एकाच पाइपात येतो आणि अगदी शेवटी, मफलरपाशी, त्याला दोन फाटे फोडतात. दादरचा पूल आठवा. सगळी गर्दी एकाच पुलावरून येणार असेल, तर टोकाला जिने दोन केले म्हणून पूल मोकळा होईल का? मूळचा मफलर फारच कोंडणारा असेल तर थोडाफार फरक पडतो, एवढंच.

उलट पाइप गरजेपेक्षा जाड बसवला तर धुराचा वेग मंदावतो. वेगानं निघालेला धूर आपल्यामागे पुढचा धूर ओढून घेत असतो. ती ओढ गेली की कमी आरपीएमला गाडी मरगळते. आणि सिग्नल ते सिग्नल चालवणारे आपण कमी आरपीएमलाच तर जगतो!

खरा हीरो

आता तो गुपचूप डबा. आत सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर. दहावीच्या पुस्तकातला 'उत्प्रेरक' आठवतोय? स्वतः न संपता दुसऱ्यांची रासायनिक क्रिया घडवून आणणारा? तोच हा. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा तो कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचा साधा नायट्रोजन. तीन कामं एकदम, म्हणून 'थ्री-वे'.

यासाठी एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळावं लागतं. ते काम कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर करतो. नंतरचा दुसरा सेन्सर कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर डोळा ठेवतो. शिवाय डबा २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम सुरूच करत नाही. म्हणून कोपऱ्यावरून दूध आणायला काढलेली गाडी अंतराच्या मानानं जास्त घाण करते.

युजीन हूद्री या मूळच्या फ्रेंच इंजिनिअरनं अमेरिकेत १९५०च्या दशकात असा कन्व्हर्टर बनवला. पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं त्या थरावर बसून डबा निकामी करायचं. म्हणजे डब्यासाठी आधी पेट्रोल सुधारावं लागलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि सोबत शिसंविरहित पेट्रोल आलं. २००० साली ते देशभर पोहोचलं. आपल्या हवेतलं शिसं कमी झालं, त्यात या डब्याचाही वाटा आहे.

मग काढायचा का?

मेकॅनिककाकांनी एका वाक्यात निकाल लावला. "साहेब, आवाज वाढला की माणसाला वाटतं, गाडी पळायला लागली!" आजचे कन्व्हर्टर धुराला फारसं अडवत नाहीत. काढल्यावर मिळणारी ताकद थोडी, तीही वरच्या आरपीएमला.

किंमत मात्र मोठी. डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा, वॉरंटीचा वांधा, पीयूसीला नापास. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हवा आणि आवाजाचे नियम मोडल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर तीन महिने गदा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सोसायटीचं बेसमेंट पार्किंग आहेच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तात ऑक्सिजनची जागा तो पटकावतो. तिथे रोज उभा राहणारा वॉचमन तो श्वासात घेणार, आपण तर लिफ्टनं वर गेलेलो.

मित्रानं बोनसमधून चार चांगले टायर घेतले.

एवढं लक्षात ठेवा

* 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून जाळं वितळू शकतं.
* बॅटरी उतरली तर धक्का स्टार्टपेक्षा जंपर केबल बरी. कारण तेच.
* गाडीखालून खडखड आवाज येतोय? आतलं जाळं तुटलं असण्याची शक्यता आहे.
* ट्रेकला गेल्यावर वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. डबा चांगलाच तापलेला असतो.
* सकाळी टेलपाइपमधून पाणी ठिबकलं तर घाबरू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच.
* नवी गाडी घेताना मागची नळकांडी मोजू नका. मोजायचेच असतील तर एअरबॅग मोजा!