शटर उतरले, कंपनी उरली

इंदुरीला दाभाड्यांच्या गढीचा दरवाजा आजही दिमाखात उभा आहे. सरदार गेले, फौजफाटा गेला, दरवाजा राहिला. याच गावावरून जाणाऱ्या तळेगाव-चाकण रस्त्यावर एखादे घरगुती वर्कशॉप बंद पडते, तेव्हाही काहीसे असेच होते. यंत्रे विकली जातात, कामगारांचा हिशेब होतो, पाटी उतरते. 'प्रायव्हेट लिमिटेड' नावाची कागदावरची व्यक्ती मात्र जिवंतच राहते.

'व्यक्ती' हा शब्द मुद्दाम वापरला. मालक वेगळा आणि कंपनी वेगळी, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९७ साली सालोमन खटल्यात पक्के झाले. धंदा बुडाला तरी भागधारकाचे राहते घर सहसा वाचते, ते यामुळेच. पण जी स्वतंत्रपणे जन्मली, ती आपोआप मरत नाही. तिची उत्तरक्रिया रीतसर करावी लागते.

आता घरातली गोष्ट. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. दुसरा संचालक कोण, हे का सांगायला हवे? "अगं, इथे जरा सही कर," म्हटले की बायको संचालक! पुढे धंदा थांबतो, ती सही विस्मरणात जाते. कायदा मात्र विसरत नाही. कंपनी झोपलेली असली तरी दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करावेच लागते. उशीर झाल्यास जुलै २०१८ पासून प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये. दोन फॉर्म वर्षभर रखडले, तर ७३ हजार! सलग तीन वर्षे चुकली, तर संचालक पाच वर्षे अपात्र. मग दुसऱ्या, चालत्या कंपनीतही नेमणूक मिळत नाही. २०१७ मध्ये देशात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे खोडली गेली आणि सुमारे तीन लाख संचालक अपात्र ठरले.

सुटकेची वाट आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम २४८ नुसार, दोन आर्थिक वर्षे धंदा न केलेली कंपनी स्वतःहून नाव काढून घेऊ शकते. आधी सर्व देणी फेडायची, धंदा थांबला त्या वर्षापर्यंतची थकलेली विवरणपत्रे भरायची. मग भागधारकांचा विशेष ठराव, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले ताजे हिशेबपत्रक, संचालकांचे प्रतिज्ञापत्र व हमीपत्र जोडून 'एसटीके-२' अर्ज करायचा. त्याचे शुल्क २०१९ मध्ये दहा हजार रुपये झाले. पूर्वी पुणेकरांचा हा अर्ज आकुर्डीच्या निबंधक कार्यालयात जाई; मे २०२३ पासून तो मानेसरच्या केंद्राकडे जातो. जाहीर नोटीस निघते, हरकतीसाठी तीस दिवस मिळतात आणि अखेर राजपत्रात कंपनी विसर्जित झाल्याचे छापून येते.

इथे लबाडी चालत नाही. देणे लपवले, तर नाव खोडल्यावरही संचालकांची जबाबदारी संपत नाही. धनको किंवा कामगार वीस वर्षांपर्यंत न्यायाधिकरणाकडे जाऊन कंपनी पुन्हा उभी करवू शकतात.

धंदा बंद करण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो घरच्यांना न सांगता त्यांच्या नावावर ओझे ठेवण्यात. आज सवड आहे, तेव्हा कपाटातली जुनी फाईल काढा. सही कुणाची आहे ते पाहा, आणि जिची आहे तिलाही शेजारी बसवा.