बिबट्याची तसबीर

बिबट्याचे छायाचित्र घ्यायचे तर आफ्रिकाच गाठायला हवी, असे कोणी सांगितले? तिकडे मोटारीत बसून झाडावर पहुडलेला बिबट्या भरदिवसा टिपता येतो, हे खरे. आपला बिबट्या मात्र रात्रीचा वाटसरू!

अंबरनाथ-बदलापूरच्या पाठीशी बारवीचे आणि मलंगगडाचे रान आहे. जानेवारी २०१९ मध्ये तर बिबट्या थेट उल्हासनगरच्या वस्तीत शिरला. वनखात्याला त्याला बेशुद्ध करून पकडावे लागले. अशा वेळी फोन उगारून धावण्याचा मोह होतो. पण गर्दीने कोंडलेला बिबट्या पळवाट शोधतो, आणि वाटेत येईल त्याला पंजा मारतो.

खरी तसबीर कशी मिळते? नयन खानोलकरांनी मुंबईत आरेच्या वारली पाड्यात कॅमेरा लावून ठेवला. समोरून बिबट्या गेला की तो आपोआप चित्र टिपी. दिवसामागून दिवस वाट पाहून मिळालेल्या त्या चित्राने २०१६ साली लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक पटकावले.

तेव्हा वाचकहो, बिबट्या दिसलाच तर मुलांना घरात घ्या, दार लावा आणि वनखात्याला कळवा. त्याला निघून जायला वाट मोकळी राहिली, तर चित्र नसले तरी चालेल!