बिनतारी कार्ड बोलू लागते

दारात भाजीवाली मावशी येते. ती मराठीत बोलते. दादीजान फक्त उर्दू बोलतात. मग तुम्ही दोघींच्या मध्ये उभे राहता आणि इकडचे बोलणे तिकडे पोचवता. तुम्ही नसलात, तर सौदा होतच नाही.

संगणकातही असाच दुभाषा लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. (हा मोटार चालवणारा ड्रायव्हर नव्हे, बरे का!) संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणालीला कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्स ही अशीच एक कार्यप्रणाली आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. आज तो कोणालाही फुकट मिळतो, वाचता येतो आणि बदलताही येतो.

जुन्या संगणकावर लिनक्स घातले, की पडदा, कळफलक, माउस सारे चालू होते. पण कधी कधी बिनतारी जाळ्याचे कार्ड मात्र गप्प राहते. हे कार्ड रेडिओलहरींनी संदेश पाठवते व घेते. ते बिघडले, असे लोकांना वाटते. पुष्कळदा ते बिघडलेले नसते. त्याचा दुभाषा हजर नसतो, इतकेच.

असे का होते? कार्डातील चिपची भाषा काही कंपन्या उघड करत नसत. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपबाबत असेच झाले. तेव्हा काही प्रोग्रामरांनी एक युक्ती केली. त्यांनी दोन गट पाडले. एका गटाने कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून पाहिला आणि चिप कोणत्या आज्ञेला काय करते, ते लिहून काढले. दुसऱ्या गटाने कंपनीचा ड्रायव्हर पाहिलाच नाही. फक्त ती टिपणे वाचून त्याने नवा ड्रायव्हर लिहिला. त्यामुळे नक्कल केल्याचा आरोप येण्यास जागा उरली नाही. २००६ साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. मला तर ही गोष्ट एखाद्या हेरकथेसारखी वाटते! पुढे २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला.

तरीही एक अडचण उरते. अनेक चिपना चालू होताना एक छोटी फाइल द्यावी लागते. तिला 'फर्मवेअर' म्हणतात. तिचे हक्क कंपनीकडे असतात. वाटण्याची परवानगी नसेल, तर ती लिनक्सबरोबर येत नाही. मग ती आणायची कुठून? इंटरनेटवरून! म्हणजे दोराशिवाय पाणी निघत नाही, आणि दोर तर विहिरीतच पडलेला. अशा वेळी संगणकाला थोडा वेळ जाळ्याची तार जोडावी, किंवा मोबाइल फोन तारेने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे. डेबियन या लिनक्सने अशा फायली बरीच वर्षे वेगळ्या ठेवल्या होत्या. २०२२ मध्ये तिच्या सदस्यांनी मतदान केले आणि २०२३ च्या आवृत्तीपासून त्या सोबत येऊ लागल्या.

मात्र अंदाजाने कोणतीही फाइल घालू नये. आधी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी. आतल्या चिपचे खरे नाव पडद्यावर दिसते. खोक्यावरच्या नावावर जाऊ नये, कारण एकाच नावाच्या कार्डांत कधी कधी वेगवेगळ्या चिप असतात. नंतर 'डीमेसजी' ही आज्ञा द्यावी. फर्मवेअर सापडले नसेल, तर त्याची तक्रार बहुधा तिथे नोंदलेली असते.

आणि हो, या खटपटीआधी लॅपटॉपच्या कडा नीट पाहा. काही जुन्या लॅपटॉपना रेडिओ बंद करणारे बारीक बटण असते. ते बंद असले, तर कितीही हुशार दुभाषा आणा, कार्ड गप्पच राहते.