कैरीचे लोणचे: वाटीचे माप सोडा, मीठ वजनाने घाला

मृगाच्या पावसापूर्वी लोणचे घालण्याची जुनी रीत योग्यच आहे. हवा दमट झाली की बुरशी लवकर धरते. तरीही आजीच्या कृतीने घातलेले लोणचे बिघडते, कारण त्या कृतीतली वाटी जाड्या मिठाची असते. बारीक मीठ त्याच वाटीत जास्त बसते. लोणचे खारट होते, म्हणून पुढच्या वर्षी मीठ अंदाजाने कमी केले जाते आणि बुरशी येते.

कैरी: घट्ट, झेल्याने देठासह काढलेली घ्या. मुरबाड-शहापूरच्या बागायतदारांनी वाऱ्याने पडलेली कैरी वेगळी ठेवावी. मार लागलेली फोड मऊ पडते.

फोडी: कैरी धुऊन, पुसून मगच चिरा. माजिवड्यासारख्या भागात अंगण नसल्यास फोडी सुती कापडावर पंख्याखाली कोरड्या करा.

प्रमाण: १ किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, हळद, हिंग, तिखट आवडीनुसार.

तेल: तापवून पूर्ण गार करा. फोडी बुडतील इतके घाला, म्हणजे हवा लागत नाही.

कमी मिठाचे लोणचे हवे असल्यास थोडेच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. विक्री करायची असल्यास एफएसएसएआयची नोंदणी आवश्यक आहे.